कॉन्व्हेंटची डायरी, मैदान आणि दहावी

जूनमध्ये पोरगं शाळेतून नवी डायरी घेऊन येतं. सुरुवातीला प्रार्थना, शाळेचं गीत, नियमावली, मग वर्षाचं कॅलेंडर, शेवटी रजेच्या नोंदी आणि उशिरा आल्याच्या शिक्क्यांचे रकाने. घरी तिला खाकी कव्हर चढतं, नावाचं लेबल लागतं, आणि पालक ती पुन्हा उघडतात ते थेट ‘उद्या पालकांना घेऊन येणे’ असा लाल शेरा आल्यावर. कोल्हापुरात कॉन्व्हेंट म्हटलं की लोकांना इंग्रजी आठवतं, टाय आठवतो, सिस्टर आठवतात. पण आठवी ते दहावी ही तीन वर्षं खरी चालतात त्या कॅलेंडरच्या चार पानांवर. खेळ आणि अभ्यासाचं भांडण बहुतेक वेळा तारखांचं असतं आणि आपण त्याचं खापर पोराच्या आळसावर फोडतो. म्हणून डायरी आधी आपण वाचायची, मग कव्हर घालायचं.

त्या कॅलेंडरमध्ये पहिली गोष्ट बघायची ती सुट्ट्या. राज्यात माध्यमिक शाळांच्या वर्षभराच्या सुट्ट्या ७६ दिवसांपेक्षा जास्त होता कामा नयेत असा नियम आहे. कॉन्व्हेंटला नाताळची मोठी सुट्टी द्यायची असेल तर ते दिवस दिवाळीतून, नाहीतर उन्हाळ्यातून कापले जातात. शेजारच्या शाळेला दिवाळीची सुट्टी चालू आणि आपल्याच पोराला वर्ग, अशी कुरकूर दरवर्षी ऐकू येते. दिवाळीला गावी जायचं रिझर्वेशन मावशीच्या पोरांच्या सुट्टीवरून काढू नका, आपल्या डायरीवरून काढा. शिवाय सणाचे दिवस असतात. जेझुइट फादरांच्या शाळांत ३१ जुलैला संत इग्नेशियस, झेवियरच्या नावाच्या शाळांत ३ डिसेंबर, होली क्रॉसच्या सिस्टरांकडे १४ सप्टेंबर, आणि जवळपास सगळीकडे ८ सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिन. त्या दिवशी कॅथलिक मुलांना मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी), बाकीच्यांना असेंब्ली, मग थोडा कार्यक्रम, आणि शाळा लवकर सुटते. रिक्षावाल्या मामांना आदल्या दिवशी सांगितलं नाही तर पोरं गेटवर दीड तास ताटकळतात.

धर्माबद्दलची शंका सगळ्यांच्या मनात असते, पण सिस्टरांना विचारायला संकोच वाटतो. कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो, त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही, हे घटनेच्या कलम २८(३) मध्येच आहे, आणि मूल अल्पवयीन असेल तर ही संमती पालकांची लागते. सकाळची प्रार्थना हा मात्र असेंब्लीचा भाग असतो, हात जोडून शांत उभं राहिलं की झालं. दुसरी शंका आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांची. घटनेच्या कलम ३० खाली चालणाऱ्या अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने त्या कायद्यातून वगळलं, त्यामुळे आरटीईच्या ऑनलाइन यादीत या शाळा शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता मैदान. कोल्हापुरात फुटबॉलची दोन वेगळी घड्याळं चालतात. शालेय स्पर्धा साधारण जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसात. पेठांच्या आणि तालमींच्या फुटबॉल संघांचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि शाहू स्टेडियमवर उन्हाळ्यापर्यंत चालतो. पहिलं घड्याळ पहिल्या सत्राच्या अभ्यासावर येतं, दुसरं थेट दहावीच्या पूर्वपरीक्षेवर आणि बोर्डावर. नववीपर्यंत दोन्ही चालतं. दहावीत फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीच्या संघाची मॅच असेल तर पोरगं घरी असूनही घरी नसतं, हे धरूनच चला.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोजतात. शहरातली शाळा महापालिका स्तरावर खेळते, बाहेरची तालुका आणि मग जिल्हा. पुढे विभाग, राज्य, राष्ट्रीय. खेळात हरून बाहेर पडणारे संघ असतात, तसे कागदात हरून बाहेर पडणारेही असतात. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर या तिन्ही ठिकाणी जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग एकसारखं पाहिजे. आधारवर ‘०१-०६’ आणि दाखल्यावर ‘०६-०१’ असा घोळ सर्रास सापडतो. ओळखपत्रावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का फोटोवर अर्धा आला पाहिजे. आधारची दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, तेव्हा हे सगळं मे महिन्यात तपासायचं. स्पर्धेच्या आदल्या रात्री पीटी सरांना फोन करून काही होत नाही.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. कोल्हापूर म्हणजे फुटबॉल आणि कुस्ती असं आपण धरून चालतो, पण तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे, जलतरणातला वीरधवल खाडे, सगळे याच जिल्ह्यातले. नेमबाजी, पोहणं, जिम्नॅस्टिक्स हे मूल शाळेबाहेर क्लबमध्ये शिकतं. तरी शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळेकडूनच जाते. शाळेत तो खेळच नसेल तर पीटी सरांना परिपत्रक आलेलंही लक्षात राहत नाही. अशा पालकांनी जूनमध्येच सरांना लेखी कळवून ठेवावं: खेळ, प्रकार, गट, क्लबच्या प्रशिक्षकांचा नंबर. संघाबरोबर शाळेचा एक शिक्षक मॅनेजर म्हणून जावा लागतो. तो कोण, हेही तेव्हाच ठरवून घ्यावं.

पावसातल्या फुटबॉलचं सामान थोडक्यात. शिन गार्ड सक्तीचे आहेत, ते मोज्याच्या आत पाहिजेत. ५ नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन सामना सुरू होताना ४१० ते ४५० ग्रॅम असतं. स्वस्तातला चेंडू पाणी पितो, मध्यंतरापर्यंत जड होतो आणि हेडर घेणाऱ्याची मान दुखते. हवेचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआयच्या मध्ये हवा. शाळांत दगडासारखा टणक फुगवायची सवय असते, त्याने शिवण आधी जाते. भिजलेले बूट उन्हात ठेवले की तळ उकलतो. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवायचे आणि कागद दोनदा बदलायचे.

खेळाचे गुण हा सगळ्यात जास्त अफवांचा विषय. दहावीला क्रीडा सवलतीचे गुण स्पर्धेच्या स्तरानुसार ५ ते २५ पर्यंत मिळतात, पण आपोआप मिळत नाहीत. शाळेकडून प्रस्ताव, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची पडताळणी, मग विभागीय मंडळ असा प्रवास असतो. आपलं मंडळ कोल्हापूर, त्यात सांगली आणि सातारा जिल्हेही येतात. मुदत गेली की प्रमाणपत्र फ्रेम करायच्या कामाचं. मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, मागे शिक्का मारायची वेळ आली तर जागा राहत नाही. चित्रकलेचंही तसंच. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला ए मिळाल्यास ७, बी ला ५, सी ला ३ गुण. ती परीक्षा आठवी-नववीत उरकून घ्यावी, दहावीत रंगांचे डबे उघडायला सवड नसते.

वार्षिक क्रीडादिन बहुतेक कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या आधी, डिसेंबरात. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे चार हाऊस, वैयक्तिक प्रकारात ५-३-१ आणि रिलेला त्याच्या दुप्पट गुण, ही सर्रास पद्धत. भांडणं गुणांवरून होत नाहीत, ट्रॅकवरून होतात. ‘चौथ्या लेनवाला पुढं उभा होता’ ही तक्रार दरवर्षी येते आणि कधीकधी ती खरी असते. शाळेच्या मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक बसत नाही, २०० मीटरचा बसतो. चार लेनसाठी साधारण ९० बाय ५० मीटर मोकळी जागा लागते.

आखणी अशी. मैदानाच्या मधोमध ४० मीटरची सरळ रेषा घ्या, तिच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. ही दोन अर्धवर्तुळांची केंद्रं. प्रत्येक खुंटीवरून १८.९० मीटर त्रिज्येने अर्धवर्तुळ फिरवा आणि दोन्हींची टोकं सरळ रेषांनी जोडा. ही पहिल्या लेनची आतली रेषा. धावणारा त्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेरून पळतो असं धरतात, म्हणजे त्याची त्रिज्या १९.१० आणि एक फेरी बरोबर २०० मीटर. काठ उंचवट्याचा असेल तर २० च्या जागी ३० सेंटीमीटर धरतात, पण शाळेत काठ कुठला, फक्कीचीच, म्हणजे पांढऱ्या भुकटीचीच रेघ. प्रत्येक लेन १.२२ मीटर. काटकोन बरोबर आहे का हे ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा त्रिकोण होणाऱ्या दोरीने बघायचं आणि शेवटी मधल्या आयताचे दोन्ही कर्ण मोजायचे. ४० बाय ३७.८० च्या आयताचा कर्ण ५५.०३ मीटर येतो. दोन कर्णांत हातभर फरक असेल तर खुंटी हलली आहे, फक्की मारायच्या आधी पुन्हा सुरुवात करा. कापडी फीता ताणला की वाढतो, स्टीलचाच घ्या. आणि फक्की म्हणून कळीचा चुना कुणी आणून दिला तर परत पाठवा. पडलेल्या पोराच्या डोळ्यांत तो गेला तर क्रीडादिन दवाखान्यात संपतो.

बाहेरच्या लेनची फेरी लांब पडते, म्हणून तिची सुरुवातीची रेषा पुढे घेतात. एका फेरीच्या शर्यतीसाठी दुसरी लेन ७.६७ मीटर पुढे, तिसरी १५.३३, चौथी २३.००. पुस्तकात दुसऱ्या लेनसाठी ७.०४ असा आकडा सापडेल, तो उंच काठाच्या ट्रॅकचा. तो इथे वापरला तर दुसऱ्या लेनचा पोरगा ६३ सेंटीमीटर जास्त पळतो. त्याहून मोठी चूक मोजण्यात होते. हे अंतर वळणावर आहे, आणि ते त्या लेनच्या धावण्याच्या रेषेवरून, वळणाबरोबर फीता वाकवत मोजायचं. दोन शिक्षकांनी फीता दोन्हीकडून धरून सरळ ताणला आणि २३ मीटरवर खूण केली, तर चौथ्या लेनला सुमारे १ मीटर १० सेंटीमीटर फुकट मिळतात. तक्रार खरी असते ती इथे. १०० मीटर या ट्रॅकवर पळवूच नका. सरळ भाग ४० मीटरचाच आहे. मैदानाच्या कर्णावर जागा काढा आणि शेवटच्या रेषेपुढे थांबायला निदान १५ मीटर सोडा, कंपाउंडच्या भिंतीला हात टेकून थांबणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. ४ बाय १०० रिलेसाठी बॅटन बदलायचा पट्टा आता ३० मीटरचा असतो, बदलाच्या रेषेच्या २० मीटर अलीकडे सुरू होऊन १० मीटर पलीकडे संपतो. बॅटन या पट्ट्यात हातात आला का, हे बॅटनवरून ठरतं, पायावरून नाही. पंच म्हणून उभ्या केलेल्या दहावीच्या पोरांना एवढं एक वाक्य सांगून ठेवलं तरी निम्मी भांडणं मिटतात. सकाळी दव असतं, त्यामुळे रेघा आदल्या संध्याकाळी मारून सकाळी फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषा उजळाव्यात.

डिसेंबरातला क्रीडादिन संपला की लगेच पूर्वपरीक्षा. पण खेळणाऱ्या पोराचं नुकसान जानेवारीत होत नाही, ते जुलै-ऑगस्टमध्येच झालेलं असतं. त्या काळात दहावीला भूमितीत समरूपता आणि पायथागोरस चालतं, बीजगणितात दोन चलांची समीकरणं आणि वर्गसमीकरणं, विज्ञानात गुरुत्वाकर्षण आणि मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण. इतिहासाचा धडा चुकला तर एका रात्रीत वाचून होतो. समरूपता चुकली तर वर्तुळातली प्रमेयं अडतात, त्रिकोणमिती अडते, आणि पोरगं म्हणतं ‘भूमिती डोक्यात जात नाही’. संघातल्या पोरांनी वर्गातल्या एकाची वही ठरवून ठेवावी आणि सामन्याच्या आठवड्यात बाकी सगळं सोडून फक्त गणिताच्या दोन वह्या उतरवाव्यात. त्यातही प्रमेयाच्या प्रत्येक ओळीसमोरचं कारण उतरवायचं. मोबाईलवर वहीचा फोटो घेऊन ठेवणं म्हणजे अभ्यास नव्हे.

गुणांची रचना पालकांना अर्धवट माहीत असते. तीन भाषा प्रत्येकी १००, त्यात ८० लेखी आणि २० तोंडी किंवा अंतर्गत. गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुण आणि २ तास, वर अंतर्गत २०. विज्ञानाचं आणि समाजशास्त्राचं तसंच. एकूण ६००, पण टक्केवारी सर्वांत चांगल्या पाच विषयांची, म्हणजे ५०० वर निघते. म्हणून एक विषय सोडून दिला तरी चालेल असं नाही, पास सगळ्यांतच व्हावं लागतं. वीस-वीस गुणांचं हे अंतर्गत कामच मैदानावरची पोरं घालवतात. प्रयोगवही अपुरी, गृहपाठ एकदम फेब्रुवारीत, तोंडीच्या दिवशी गैरहजर. सामन्यामुळे तोंडी चुकली तर पीटी सरांच्या सहीचं पत्र त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांकडे गेलं पाहिजे. दोन महिन्यांनी ते कुणाच्या लक्षात नसतं.

भूमितीच्या पेपरबद्दल एक. वेळ रचनेवर जात नाही, पुसण्यावर जातो. बोथट पेन्सिल आणि सैल कंपास घेऊन स्पर्शिकेची रचना तीनदा काढली की दहा मिनिटं गेली. कंपासचा स्क्रू आदल्या दिवशी घट्ट करा, आणि कंसाच्या खुणा पुसू नका, त्यांना गुण असतात.

आणि मराठी. कॉन्व्हेंटच्या पोरांचा हा सगळ्यात गमतीचा विषय. घरात मराठी, रिक्षात मराठी, मधल्या सुट्टीत मराठी, आणि पेपरात गुण इंग्रजीपेक्षा कमी. कारण साधं आहे. पोरगं बोलतं तसं लिहितं. ‘लई भारी वाटलं’ हे रंकाळ्यावर ठीक, पत्रलेखनात नाही. ‘मी गेलेलो’ नाही, ‘मी गेलो होतो’. ‘आणि’ची वेलांटी पहिली, ‘पाणी’ची दुसरी, यावरच गुण जातात. पुस्तक घेतानाही घोटाळा होतो. इंग्रजी माध्यमाला मराठी ही द्वितीय भाषा असल्यामुळे पुस्तक ‘अक्षरभारती’ लागतं. मराठी माध्यमाचं ‘कुमारभारती’ वेगळं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात घाईने कुमारभारती उचललं जातं आणि ते जुलैत कळतं, तोवर बदलून मिळत नाही. गाईड घेतानाही हेच बघायचं. उपाय मात्र महाग नाही. रोज सकाळच्या पेपरातली एक बातमी दहा ओळींत शुद्ध लिहून आजोबांना तपासायला द्यायची. कोल्हापुरातल्या आजोबांना चुका काढायला कंटाळा येत नाही.

शाळेत इंग्रजीतच बोलायचं या नियमाबद्दल पालकांत दोन तट असतात. वर्गात तो नियम कामाचा आहे, मैदानावर मूर्खपणाचा. ‘मागं बघ, मागं!’ हे इंग्रजीत सांगेपर्यंत गोल झालेला असतो. चांगले पीटी सर तिथे कानाडोळा करतात.

स्टुडंट कौन्सिल, हेड बॉय, हाऊस कॅप्टन यांची निवड जून-जुलैत होते, बॅज लावायचा समारंभ त्यानंतर. दहावीचं पोरगं संघातही असेल आणि कॅप्टनही, तर एक पद सोडायला लावा. गॅदरिंगच्या तालमी, वर्गसजावट, नाताळचा गोठा, सगळ्याला कॅप्टन हजर लागतो आणि नाही म्हणायची त्याची हिंमत नसते.

बोर्डाचा फॉर्म भरल्यावर शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी येते. त्यावर सही करण्याआधी नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि विषयांचे कोड एकेक अक्षर बघा. संपूर्ण संस्कृत घेतलेल्या पोराच्या नावापुढे संयुक्तचा (अर्धं संस्कृत, अर्धी दुसरी भाषा) कोड पडलेला तिथेच सापडतो. निकालानंतर ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात ५० टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात आणि त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्यांना १० टक्के इनहाऊस कोटा. पहिल्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा धर्माचा रकाना बरोबर भरलेला लागतो. दाखला हातात आला की शाळेच्या काउंटरवरच उभं राहून वाचा, रांगेतले मागचे कितीही ओरडले तरी. नाव शाळेत असेपर्यंत चूक मुख्याध्यापकांच्या अर्जाने शिक्षणाधिकाऱ्यांकडून दुरुस्त होते. दाखला घेऊन गेटबाहेर पडलात की तेच काम करायला वर्ष जातं.